कुंपण उंच, टाकी भरलेली : ‘घातपात’ या शब्दाचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ रासायनिक कारखान्यात स्फोट झाला की तासाभरात समाजमाध्यमांवर एक शब्द उगवतो : घातपात. त्यापाठोपाठ दोन मागण्या येतात. कुंपणे उंच करा, पहारे वाढवा. आणि आत काय साठवले आहे याची वाच्यता करू नका, शत्रू ऐकतो आहे. दोन्ही मागण्या देशभक्तीच्या आवेशात केल्या जातात, त्यामुळे त्यांना सहसा कोणी आव्हान देत नाही. या धाग्यात मी ते देणार आहे, आणि साक्षीला इतिहास उभा करणार आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ माझे प्रतिपादन आधीच सांगतो. कारखान्यावर हेतुपुरस्सर हल्ला होऊ शकतो, हे मला मान्य आहे. तसे हल्ले झालेले आहेत. परंतु हल्लेखोर संहाराची शक्ती स्वतःच्या खिशातून क्वचितच आणतो. ती त्याला आत सिद्ध करून ठेवलेली मिळते. म्हणून संरक्षणाचा पहिला प्रश्न ‘आत कोण शिरेल?’ हा नव्हे. ‘आत किती साठवले आहे, आणि कशासाठी?’ हा पहिला प्रश्न. तो विचारला जाऊ नये म्हणूनच ‘घातपात’ हा शब्द पुनःपुन्हा वापरला गेला आहे.

३/ प्रारंभ खऱ्या, सिद्ध झालेल्या घातपातापासून करू. ३० जुलै १९१६. न्यूयॉर्क बंदरात, न्यू जर्सीच्या बाजूला, ब्लॅक टॉम नावाचे मालधक्का-गोदाम होते. अमेरिका महायुद्धात अद्याप उतरली नव्हती. पण तिथून ब्रिटन आणि फ्रान्सकडे दारूगोळा जात असे. त्या रात्री तिथे सुमारे ९०० टन दारूगोळा साठलेला होता. जर्मन हस्तकांनी आग लावली. मॅनहॅटनमधील खिडक्यांच्या काचा फुटल्या. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचीही हानी झाली. तिच्या मशालीपर्यंत जाण्याची वाट लोकांसाठी तेव्हापासून बंद आहे.

४/ आता तपशील पाहा. पहारेकरी तिथे होतेच. डास पळवण्यासाठी त्यांनी पेटवलेल्या धुरावरच पहिला संशय गेला. जर्मनीची जबाबदारी निश्चित व्हायला १९३९ साल उजाडले. पण धक्क्याला ‘जॉन्सन १७’ नावाचा एक तराफाही बांधलेला होता, आणि त्यावर ५० टन टीएनटी होते. तो तिथे का होता? अन्यत्र ओढून नेण्याचे २५ डॉलर वाचावेत म्हणून. काडी हस्तकांनी ओढली, यात शंका नाही. पण त्या काडीला स्फोटाचे एवढे बळ कोणी पुरवले, याचा हिशेब हस्तकांच्या नावावर मांडता येत नाही.

५/ दुसरे उदाहरण आपल्या दाराशी घडले. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा प्रचंड स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

६/ युद्धाचे दिवस होते. जपान्यांनी हल्ला केला, अशी भीती शहरभर पसरली. चौकशीत मात्र शत्रूचा हात सिद्ध झाला नाही. दोष निष्काळजीपणाकडेच बोट दाखवत होता. क्षणभर असे धरू की ती आग खरोखरच एखाद्या हेराने लावली होती. मग कापूस आणि स्फोटके एका जहाजात, ते जहाज भर वस्तीच्या शहराच्या गोदीत, हा निर्णय शहाणपणाचा ठरतो काय? हेर सापडला असता, तर या निर्णयाची चौकशी कोणी केली असती काय? माझा सारा वाद या दुसऱ्या प्रश्नात आहे.

७/ ब्लॅक टॉम आणि फोर्ट स्टिकिन हे रासायनिक कारखाने नव्हेत. पण साठ्याचे तर्कशास्त्र तेच. आता प्रत्यक्ष कारखान्याकडे वळू. भोपाळ, २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या ‘ई-६१०’ या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले, उष्णता आणि दाब वाढला, वायू शहरावर पसरला. तात्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९. नंतरच्या वर्षांत मृतांची संख्या कितीतरी वाढली, आणि बाधितांची गणना पाच लाखांच्या पुढे गेली.

८/ कंपनीचा बचाव काय होता? घातपात. आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेचे अशोक कलेलकर यांनी १९८८ मध्ये लंडनच्या एका परिषदेत तो तपशीलवार मांडला : एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. कामगारांनी हे नाकारले. हा दावा न्यायालयात कधीच सिद्ध झाला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि दिवाणी खटल्यात त्याची उलटतपासणी व्हायची राहिली ती राहिलीच. तरीही कंपनीने तो सोडला नाही, आणि आजही अनेक तरुण वाचक तो ‘दडपलेले सत्य’ म्हणून पुढे पाठवतात.

९/ या दाव्याचे खंडन करायला मी बसलेलो नाही. उलट, वादापुरता तो संपूर्ण खरा मानू. म्हणजे एका रात्री एकट्या, रागावलेल्या कामगाराने पाण्याची एक नळी जोडली आणि निम्मे शहर गुदमरले. हे वाक्य नीट वाचा. हा कारखान्याचा बचाव आहे की त्याच्यावरील आरोपपत्र? जिथे एका माणसाच्या रागातून हजारोंचा मृत्यू ओढवू शकतो, ती रचना उभारणाऱ्यांनीच दोषी ठरवलेली आहे. राग, मत्सर, वेड, द्वेष या गोष्टी मनुष्यस्वभावात आहेत. अभियंत्याने त्या गृहीत धरायलाच हव्यात.

१०/ त्या रात्री बचावाच्या पायऱ्या कोणत्या अवस्थेत होत्या, हे सर्वज्ञात आहे. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी होती. पाण्याचे फवारे वायू जिथून बाहेर पडत होता तिथवर पोहोचत नव्हते. पाणी कोणी सोडले, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याचे उत्तर काहीही असले तरी या चार गोष्टी बदलत नाहीत. घातपाती माणसाने शीतयंत्रणा बंद केली नव्हती. ती काटकसरीने केली होती.

११/ आणि मूळ प्रश्न : एवढा साठा मुळात कशाला? डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांच्या अहवालाने १९८५ मध्ये नेमके हेच बोट ठेवले. इतका चंचल पदार्थ मोठ्या टाक्यांत दीर्घकाळ साठवण्याची आवश्यकता नव्हती. तो विक्रीचा माल नव्हता. कार्बारिल हे कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थ होता. तेच मूळ पदार्थ वेगळ्या क्रमाने एकत्र आणले, तर मिथाइल आयसोसायनेट मध्ये निर्माणच होत नाही. ही गोष्ट तेव्हाच्या रसायनउद्योगाला ठाऊक होती.

१२/ ब्रिटिश रसायन-अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७७ मध्ये, म्हणजे भोपाळच्या सात वर्षे आधी, हा विचार सूत्रबद्ध केला होता. १९७४ च्या फ्लिक्सबरो स्फोटात २८ माणसे गेली, त्या पार्श्वभूमीवर त्यांचे म्हणणे असे : घातक पदार्थाभोवती संरक्षणाचे थर चढवत बसण्याऐवजी तो पदार्थच कमी करा, बदला किंवा सौम्य स्थितीत ठेवा. जे ठेवलेलेच नाही ते गळणार नाही. क्लेट्झ अपघातांविषयी बोलत होते. मी त्यात एवढीच भर घालतो की जे ठेवलेलेच नाही, त्यावर हल्लाही होऊ शकत नाही. अपघात आणि घातपात या दोहोंवर एकच औषध लागू पडते, असे प्रसंग इतिहासात फार थोडे.

१३/ भारतीय न्यायशास्त्राने हे तत्त्व आपल्या भाषेत स्वीकारले आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी ‘निरपेक्ष दायित्वा’चा सिद्धान्त मांडला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्यात मालकाला काही पळवाटा होत्या. ‘परक्या व्यक्तीचे कृत्य’ ही त्यांतली एक. न्यायालयाने सांगितले : अतिधोकादायक उद्योगाला अशा पळवाटा नाहीत.

१४/ याचा अर्थ उमजून घ्या. ‘आम्ही नाही, घातपात करणाऱ्याने केले’ हे उत्तर नुकसानभरपाईच्या प्रश्नाला आपल्या देशात लागू पडत नाही. नफ्यासाठी धोका बाळगणाऱ्याने त्या धोक्याची पूर्ण किंमत मोजायची. तो धोका अपघाताने सुटला की कोणी सोडला, याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जो बचाव १९८६ मध्ये मोडीत काढला, तोच आज आपण समाजमाध्यमांवर उद्योगांना फुकट देऊ करतो, हे दुर्दैव नव्हे तर काय?

१५/ ‘घातपात’ या शब्दाची किंमत कोण मोजतो, हे पाहायला फ्रान्समध्ये चला. २१ सप्टेंबर २००१, तुलूझ शहर. ‘एझेडएफ’ या खतकारखान्याच्या एका गोदामातील शेकडो टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. ३१ मृत्यू, हजारो जखमी. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला अवघे दहा दिवस झाले होते. संशयाची सुई मृतांपैकीच एका कंत्राटी कामगाराकडे वळली : त्याचे मूळ ट्युनिशियाचे, धर्म इस्लाम, आणि अंगावरचे कपडे म्हणे ‘विचित्र’. पुढे या संशयाला आधार मिळाला नाही. तो माणूस मात्र स्वतःची बाजू मांडायला उरला नव्हता.

१६/ खटला वर्षानुवर्षे चालला, निकाल उलटसुलट लागले. अखेर २०१७ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने कारखान्याची कंपनी आणि तिचे तत्कालीन व्यवस्थापक यांना दोषी ठरवले. २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवर ते कायम झाले. दोष होता रासायनिक कचऱ्याच्या ढिसाळ हाताळणीचा, न जुळणारे पदार्थ एकत्र येऊ देण्याचा. फ्रान्सने धडा घेतला तोही लक्षणीय : २००३ च्या कायद्याने धोकादायक कारखान्यांभोवतीच्या वस्तीचे नियोजन सक्तीचे झाले, आणि रहिवाशांना माहिती देणाऱ्या स्थानिक समित्या स्थापन झाल्या. माहिती वाढवली, लपवली नाही.

१७/ अमेरिकेने नेमके उलट केले. सिनेटर जॉन कॉर्झाइन यांनी २००१ मध्येच विधेयक आणले : रासायनिक कारखान्यांनी पहाऱ्याबरोबर कमी घातक पर्यायांचाही विचार करावा. समितीत ते १९ विरुद्ध ० मतांनी संमत झाले. मग उद्योगाचा विरोध सुरू झाला आणि विधेयक विरले. २००६ मध्ये जो कायदा आला, त्याने सरकारलाच बांधून टाकले : विशिष्ट उपाय नाही म्हणून कोणाचा सुरक्षा आराखडा नाकारता येणार नाही. थोडक्यात, साठा कमी करा, असा आदेश देता येणार नाही. गंमत अशी की अनेक कारखान्यांनी आपण होऊन साठा घटवला आणि यादीतून बाहेर पडणे पसंत केले. २०२३ मध्ये त्या कार्यक्रमाची मुदतच संपली.

१८/ साठा घटवणे शक्य असते काय? वॉशिंग्टन शहराच्या ब्लू प्लेन्स सांडपाणी केंद्रात द्रव क्लोरीन रेल्वेच्या टाकीडब्यांत ठेवलेला असे, आणि तोही राजधानीत. सप्टेंबर २००१ नंतर काही आठवड्यांत तो हटवून तिथे सोडियम हायपोक्लोराइट वापरात आले. पाणी पूर्वीसारखेच शुद्ध होत राहिले. जे वर्षानुवर्षे ‘अपरिहार्य’ होते, ते भीती वाटताच काही आठवड्यांत परिहार्य झाले. अपरिहार्य या शब्दाकडे संशयाने पाहायला इतिहासाच्या विद्यार्थ्याने शिकले पाहिजे.

१९/ आता गुप्ततेकडे. वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी भोपाळची थोरली बहीण शोभेल असा कारखाना होता. तोही पूर्वी युनियन कार्बाइडचाच, पुढे बायर क्रॉपसायन्सकडे आलेला, आणि तिथेही मिथाइल आयसोसायनेटचा मोठा साठा. २८ ऑगस्ट २००८ रोजी तिथे स्फोट झाला, दोन कामगार गेले. मिथाइल आयसोसायनेटची एक टाकी जवळच होती. ती थोडक्यात वाचली. चौकशी मंडळ जाहीर सभा घेऊ लागले, तेव्हा कंपनीने दहशतवादविरोधी सागरी सुरक्षा कायद्याचा आधार घेऊन माहिती जाहीर करण्यास हरकत घेतली.

२०/ एप्रिल २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कंपनीचे प्रमुख विल्यम बकनर यांना मान्य करावे लागले की या गुप्ततेमागे प्रतिकूल प्रसिद्धी टाळण्याचाही हेतू होता. दहशतवादी गावाबाहेर कुठे नव्हतेच. माहिती लपवली जात होती ती गावकऱ्यांपासून. आणि शेवट? माहिती बाहेर आली, दबाव वाढला, कंपनीने साठा मोठ्या प्रमाणात घटवण्याचे जाहीर केले आणि २०११ मध्ये तिथले मिथाइल आयसोसायनेटचे उत्पादन कायमचे थांबले. या गावाला हल्ल्यापासून सर्वाधिक संरक्षण कोणी दिले? प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्यांनी.

२१/ भोपाळमध्ये हेच उलट्या दिशेने घडले होते. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून धोक्याचे इशारे छापत होते. कोणी ऐकले नाही. त्या रात्री लोकांना आपल्यावर काय कोसळले हे ठाऊक नव्हते. इस्पितळातील डॉक्टरांना वायूविषयी नीट माहिती मिळाली नाही. कंपनीकडून सांगितले गेले की डोळे चुरचुरतील, जीव जाणार नाही. ओल्या फडक्याने तोंड झाकावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढे ज्ञान वस्तीत असते तरी कित्येक जीव वाचले असते. अज्ञानाने हल्लेखोराचे काही बिघडत नाही; ते शेजाऱ्याला मारते.

२२/ अपेक्षित आक्षेप : ‘मग पहारे काढून टाकायचे काय?’ नाही. पहारा हवाच. पण त्याची मर्यादा ओळखा. २६ जून २०१५ रोजी फ्रान्समध्ये ल्योंजवळ साँ-काँतां-फालाव्हिये येथील औद्योगिक वायूच्या केंद्रावर हल्ला झाला. हल्लेखोर भिंत चढून आला नाही. तो माल पोहोचवणारा चालक होता, नेहमीचा. फाटक त्याच्यासाठी उघडत असे. स्फोट झाला, पण केंद्र उडाले नाही. अग्निशमन जवानांनी त्याला धरले. कारखाना चालवायचा तर शेकडो माणसे रोज आत येणारच. ज्याला आत यायची परवानगी आहे, त्याच्यापुढे कुंपणाची उंची काय कामाची?

२३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ‘कारखान्यातला साठा कमी केला, तर टँकरच्या फेऱ्या वाढतील; धोका महामार्गावर जाईल.’ बरोबर आहे. म्हणून नुसती टाकी लहान करून भागत नाही. पदार्थ बदलणे, किंवा जिथे लागतो तिथेच थोडा थोडा बनवून लगेच वापरणे, हे खरे उत्तर. आणि तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याला माझे उत्तर एवढेच : तराफा ओढून नेण्याचे २५ डॉलर आणि शीतयंत्रणेची वीज, हे दोन्ही खर्च त्या त्या वेळी वाचवलेलेच होते.

२४/ आता घराकडे. तारापूर, तळोजा, रसायनी, लोटे परशुराम, डोंबिवली, कुरकुंभ : महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींची ही नावे आपण प्रवासात फलकांवर वाचतो. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४, अशा दोन वेळा भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा भोवतीच्या परिसराला आत काय होते हे स्फोटानंतर कळले. वस्तुतः भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घालून संसदेने सांगितले होते की धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी आणीबाणीचे आराखडे सक्तीचे केले.

२५/ म्हणजे माहिती मागणारा रहिवासी शत्रूला मदत करत नाही. तो संसदेने भोपाळच्या प्रेतांवरून शिकलेला धडा अमलात आणत असतो. कोणत्या टाकीला कोणती झडप, पहारा केव्हा बदलतो, हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. प्रश्न तीनच आहेत. आमच्या शेजारी काय साठवले आहे? एवढेच का, याहून कमी का नाही? आणि भोंगा वाजला तर आम्ही कोणत्या दिशेने जायचे? या तिन्हींची उत्तरे दिल्याने कोणत्याही हल्लेखोराच्या हाती नवे शस्त्र पडत नाही.

२६/ पुढच्या वेळी कुठे स्फोट झाला आणि ‘घातपात’ हा शब्द तुमच्या पडद्यावर आला, तर तो नाकारण्याची घाई करू नका. तपास यंत्रणांना तपास करू द्या. फक्त त्या शब्दाखाली एक ओळ लिहा : ‘असेल, पण साठा किती होता?’ घातपात खोटा ठरला तरी हा प्रश्न उरतो, आणि खरा ठरला तर तो अधिकच टोकदार होतो.

धागा समाप्त. आपल्या तालुक्यातील औद्योगिक वसाहतीचा इतिहास कोणी लिहीत असेल, तर खाली जरूर जोडावा.